मढं जाळणाऱ्या मुलखात ड्रॅक्युला

विदर्भातल्या खेड्यात ड्रॅक्युलाच्या मुक्कामाची सोय कधीच नव्हती. त्याला दिवसा पडायला पेटी लागते, पेटीत त्याच्या गावची माती लागते. आपल्याकडे बहुतेक घरांतलं माणूस गेलं की नाल्याकाठी सरणावर जातं, आणि राख सावडल्यावर उठून बसायला काही उरत नाही. पुरणारे समाजही आहेत, गोंडांमध्ये तर जुनी चाल पुरण्याचीच. पण पुरलेलं माणूस रात्री उठून शेजाऱ्याच्या मानेला दात लावतं, असं इकडे कोणाच्या आजीनं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. तरीही ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्या पोट्ट्यांनी रात्र-रात्र जागून व्हिडिओ पाहिला, त्यांना सुळे, काळा झगा, वटवाघूळ आणि छातीत ठोकायचा खुंटा सगळं पाठ आहे. मी त्यातलाच एक. माझ्या मते ड्रॅक्युला आपल्याला आवडला तो परका होता म्हणूनच. त्यामागचा इतिहास लांबचा आहे आणि तो दोन बाजूंनी येतो.

एक बाजू युरोपातली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला, आणि तिथल्या खेड्यांतून विचित्र तक्रारी सरकारदरबारी येऊ लागल्या. १७२५ साली किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला, त्यापाठोपाठ गावात आठवड्याभरात आणखी माणसं दगावली, आणि गावकऱ्यांनी त्याची कबर उकरायची परवानगी मागितली. अधिकारी स्वतः हजर राहिला. प्रेत फारसं कुजलेलं नव्हतं, तोंडाशी ताजं रक्त दिसत होतं. छातीत खुंटा ठोकून ते जाळलं. पुढे १७३१-३२च्या सुमारास मेद्वेद्या गावात असाच प्रकार झाला. तिथे तर लष्करी डॉक्टरांनी कबरी उघडून रीतसर अहवाल लिहिला आणि तो युरोपभर वाचला गेला. डॉक्टरांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. थंड मातीत प्रेत सावकाश कुजतं, आतल्या वायूनं पोट फुगतं, त्या दाबानं काळसर-लाल द्रव तोंडानाकातून बाहेर येतो, कातडी मागे सरते म्हणून नखं वाढल्यासारखी दिसतात. खुंटा ठोकला की कोंडलेली हवा सुटते आणि मढं कण्हल्यासारखा आवाज होतो. गावात साथ चालू असली की पहिल्या मयताकडे बोट दाखवणं सोपं. अखेर १७५५ साली महाराणी मारिया थेरेसानं आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटन याच्या सल्ल्यानं कबरी उकरायला बंदी घातली. गावचा समज आणि त्याच्या मागे धावत येणारा कायदा, हे चित्र महाराष्ट्राला अनोळखी नाही. त्यावर पुढे येतोच.

खेड्यातलं हे फुगलेलं मढं साहित्यात गेलं आणि एकदम खानदानी झालं. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढचं वर्ष युरोपला उन्हाळाच लाभला नाही. १८१६च्या त्या पावसाळी दिवसांत जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनच्या मुक्कामी मंडळी घरात अडकली आणि भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली. मेरी शेलीच्या फ्रँकेन्स्टाइनचं बी तिथंच पडलं. बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी यानं तिथल्याच एका अर्धवट गोष्टीवरून जी कथा रचली, ती १८१९ साली बायरनच्या नावावर छापली गेली. तिच्यातला रक्तपिपासू शेतकरी नव्हता, उमराव होता. १८७२मध्ये शेरिडन ले फानूनं याच जातीची नायिका आणली, आणि १८९७मध्ये लंडनच्या एका नाटकगृहाचा व्यवस्थापक असलेल्या आयरिश ब्रॅम स्टोकरनं ड्रॅक्युला लिहिला. तो ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नव्हता. त्याचा काउंट इंग्लंडला निघतो तेव्हा मायदेशाच्या मातीच्या पन्नास पेट्या जहाजावर चढवतो. मला कादंबरीतली ही गोष्ट सुळ्यांपेक्षा जास्त आवडते.

सिनेमानं त्याच्यात भर घातली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, उन्हात त्याची फक्त ताकद कमी होते. ऊन लागलं की नाहीसा होणारा व्हॅम्पायर १९२२ साली मुर्नाऊच्या जर्मन मूकपटानं रूढ केला. तो सिनेमा परवानगी न घेता, नावं बदलून काढला होता, म्हणून स्टोकरच्या विधवेनं खटला भरला आणि कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आपण तो बघू शकतो. १९३१मध्ये बेला लुगोसीनं नाटकातला झगा आणि आपले जड उच्चार पडद्यावर आणले, सुळे मात्र त्यानं दाखवलेच नाहीत. रंगीत रक्त आणि चमकते दात आले ते १९५८मध्ये, ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या ख्रिस्तोफर लीबरोबर. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४७-४८ला टेकतो. मुर्नाऊचा व्हॅम्पायर तिथं सकाळी सातलाच संपला असता.

आता दुसरी बाजू. भीतीचा खेळ मांडून बघायची हौस आपल्याला विलायतेनं शिकवली, असं कोणी म्हटलं तर त्याला गोंदिया जिल्ह्यात न्यावं. आमगावजवळच्या पदमपूरला. आठव्या शतकातला नाटककार भवभूती स्वतःचं मूळ विदर्भातल्या पद्मपुराचं सांगतो, आणि संशोधक वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे हेच पदमपूर असल्याचं दाखवून दिलं. त्याच्या मालतीमाधव नाटकाचा पाचवा अंक आजच्या कुठल्याही भयपटवाल्यानं अभ्यासावा. मालती मिळत नाही म्हणून हताश झालेला माधव रात्री मसणात जातो आणि पिशाच्चांना माणसाचं मांस विकायला उभा राहतो. घ्या, घ्या, अशी हाळी देतो. भोवती भुतं मढ्यांची कातडी सोलताहेत, हाडातली मज्जा चोखताहेत, याचं वर्णन इतकं सविस्तर आहे की पुढे संस्कृत काव्यशास्त्रानं बीभत्स रसाचं उदाहरण म्हणून तोच श्लोक उचलला. मग देवळातून किंकाळी येते. अघोरघंट नावाचा कापालिक मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला निघालेला असतो. माधव त्याला मारतो, पण त्याची चेली कपालकुंडला सुटते आणि पुढे सूड घ्यायला परत येते. खलनायक मेला तरी गोष्ट पुढे चालू ठेवायची युक्ती आमगाव तालुक्यातल्या पूर्वजाला तेराशे वर्षांपूर्वी ठाऊक होती. तिथं एखादं भयपट संमेलन भरवायला कोणाची हरकत असू नये.

त्याच्या पलीकडे गोदावरीकाठी वेताळ. कथासरित्सागरात ज्या राजाच्या खांद्यावर मढं बसतं तो त्रिविक्रमसेन पैठणचा, म्हणजे प्रतिष्ठानचा. अकराव्या शतकात सोमदेवानं काश्मिरात बसून ही गोष्ट संस्कृतात बांधली, तरी राजाचा पत्ता मराठवाड्यातलाच ठेवला. रिचर्ड बर्टननं १८७० साली, म्हणजे स्टोकरच्या २७ वर्षं आधी, त्यातल्या निवडक गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. तसा तो नाही. वेताळ रक्त पीत नाही, डोकं खातो. आमच्या पिढीला तो चांदोबातल्या शंकर यांच्या चित्रातून भेटला: हातात तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे वाकडंतिकडं झाड. नंतर १९८५ला दूरदर्शनवर तोच पांढऱ्या केसांचा होऊन आला आणि राजाच्या पाठीवरून हसू लागला.

अशा भीतीत मजा का येते, याचं उत्तरही जुनं आहे. भरतानं आठ रसांमध्ये भयानक आणि बीभत्स दोन्ही धरले. इसवी सन १०००च्या आसपास काश्मिरातल्या अभिनवगुप्तानं त्यावर लिहिताना शाकुंतलातलं बाणाच्या भीतीनं मान वळवून पळणारं हरिण घेतलं. बघणाऱ्याला ती भीती जाणवते, पण ती त्याची स्वतःची नसते, त्या हरणाचीही उरत नाही, कुठल्याच ठिकाणाला आणि वेळेला चिकटलेली नसते. म्हणून तिचा आस्वाद घेता येतो.

गावातल्या भुतांना हे लागू पडत नाही. त्यांना पत्ता असतो. मुंजा अमक्याच पिंपळावर, हडळ तमक्याच विहिरीवर, चकवा दोन शिवारांच्या मधल्या पांदणीत. जागलीला वावरात गेलेला माणूस रात्रभर एकाच धुऱ्याभोवती फिरतो आणि पहाटे कळतं की घर हाकेच्या अंतरावर होतं. ही गोष्ट सांगणारा कधी हसत सांगत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे इथली भीती कधी कधी जिवंत माणसाचं नाव घेते. गावात ताप आला, ढोर मेलं, की कोणीतरी करणी केली म्हणून एखाद्या एकट्या म्हातारीकडे बोट जातं, आणि मारहाणीपासून खुनापर्यंत मजल गेल्याची उदाहरणं पूर्व विदर्भात घडली आहेत. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज, दोघंही अमरावती जिल्ह्यातले, जन्मभर याविरुद्ध बोलले. १९८२पासून नागपुरातून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम सुरू झालं. २०१३मध्ये दाभोलकरांच्या खुनानंतर राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. मारिया थेरेसाला जे १७५५मध्ये करावं लागलं त्याचाच हा भाऊबंद. भयपटाच्या शौकिनांना अंधश्रद्धाळू म्हणणाऱ्यांचं मला म्हणून नवल वाटतं. ड्रॅक्युलाच्या नावावर आपल्या गावात कोणाला झोडपल्याचं मी ऐकलेलं नाही.

भीतीला खेळात ओढण्याची एक रीत मात्र गावानं स्वतः काढली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी १८८१पासून, पिवळी १८८५पासून. गावोगावी त्या पहाटे पोरं पळसाच्या डहाळ्या घेऊन शिवेपर्यंत ओरडत जातात, घेऊन जा गे मारबत. राक्षसीण बनवायची, मिरवायची, शेवटी जाळायची. तिला बघून घाबरणारा मी एकही पाहिला नाही, गर्दी मात्र दरवर्षी तेवढीच.

या दोन बाजू एकत्र आल्या त्या रामसे बंधूंच्या सिनेमात. कराचीतला रेडिओचा धंदा सोडून फाळणीनंतर मुंबईला आलेले एफ. यू. रामसे सिनेमात उतरले. १९७०च्या त्यांच्या एका सिनेमात पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा चढवून चोरी करायला येतात. सिनेमा पडला, पण थेटरात बसलेल्या मुलांच्या लक्षात आलं की पब्लिक तेवढ्या एका सीनसाठी येतंय. मग सात भावांनी दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन घरातच वाटून घेतलं आणि १९७२ला महाबळेश्वरात थोडक्या पैशांत पहिला भयपट उरकला. तिथून पुढे १९८४चा पुराना मंदिर.

रामसेंची हुशारी नीट बघण्यासारखी आहे. मढं जाळणाऱ्या देशात राक्षस पुरायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. पुराना मंदिरमध्ये त्यांनी सामरी या राक्षसाचं मुंडकं तोडून वेगळ्या पेटीत ठेवलं, धड देवळामागे पुरलं आणि वर राजघराण्याला शाप चिकटवला. क्रूसाच्या जागी त्रिशूळ आला, किल्ल्याच्या जागी हवेली, काउंटच्या जागी तांत्रिक, आणि गावचा ठाकूर जसाच्या तसा. १९९०च्या बंद दरवाजामध्ये त्यांनी उघडउघड व्हॅम्पायर आणला, झग्यासकट. सामरी करणारा अजय अग्रवाल तिथंही होता. त्याचा उंच देह आणि लांबोडका चेहरा दिसला की मेकअपकडे बघायची गरजच उरायची नाही.

हे सिनेमे चालले ते मोठ्या शहरांच्या बाहेर. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ अजूनही सीपी-बेरारमध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात मोडतो. प्रांत १९५०ला संपला, धंद्याच्या वहीतलं नाव राहिलं. तालुक्याच्या टॉकीजला घासलेली प्रिंट यायची, ठिकठिकाणी तुटलेली, नेमका भूत दिसायच्या क्षणी रीळ उडी मारायचं आणि पडद्याकडे चप्पल भिरकावली जायची. खरा प्रसार केला भाड्याच्या व्हिडिओनं. गणपतीत, लग्नात, कधी नुसतीच वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, चौकात टेबलावर मांडायचा, रात्रीतून तीन-चार पिक्चर. पहिला देवाचा किंवा घरगुती, म्हणजे म्हातारी मंडळी बघून झोपायला जातील. भुताचा बाराच्या नंतर. त्या वेळी बाया लेकरांना घेऊन उठायच्या आणि जरा लांबून, ओट्यावरून, शेवटपर्यंत बघायच्या.

पूर्वेकडे झाडीपट्टीत रात्रभर जागायची सवय तर आधीपासूनच. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि वडश्याहून आलेल्या नाटक कंपन्या दहाला पडदा उघडून पहाटे सोडतात. ज्यांनी थंडीत घोंगडी पांघरून पूर्ण नाटक काढलं त्यांना तीन भुतांचे पिक्चर जड नव्हते.

वाचणाऱ्यांचा रस्ता वेगळा होता. सार्वजनिक वाचनालयातल्या नारायण धारपांच्या पुस्तकांची पानं सगळ्यात मळकी असायची. धारपांनी (१९२५–२००८) पाश्चात्त्य भयकथा मराठी वाड्यांत, माजघरांत आणून बसवल्या, आणि त्यांचा समर्थ हा नायक अमंगळाशी झुंजायला कायम तयार. रत्नाकर मतकरींची (१९३८–२०२०) भीती माणसाच्या मनातून निघायची, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही टिकायची. मी धारपांचा आहे. मतकरी मोठे लेखक, मान्य, पण ताप आलेल्या दुपारी पडून वाचायला धारपच लागतात. आणि विदर्भाचा एक धागा इथंही आहे: दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात असताना एका मित्रानं त्यांना धारपांची गोष्ट ऐकवली आणि ते हादरले. पुढे २०१८ला आलेल्या तुंबाडची सुरुवात तिथली. जंगल भंडारा-गोंदियाचं, गोष्ट पुण्याच्या लेखकाची, सिनेमातला पाऊस कोकणाकडचा.

१९९३मध्येच रामसे झी टीव्हीवर गेले आणि डिश असलेल्या घरासमोर शुक्रवारी गर्दी होऊ लागली. मग केबल, सीडी, आणि आता जागलीच्या मचाणावर डुकरं हाकलता हाकलता मोबाइल. हॉलिवूडचे व्हॅम्पायर हिंदीत बोलतात, कोरियाचे मुडदे हिंदीत पळतात, आणि पोट्टे निर्विकारपणे रेटिंग देतात. २०२४ला मुंज्या आला तेव्हा मात्र वेगळंच झालं. ड्रॅक्युलाचे दात बरोबर की चूक यावर आमच्या इकडे कधी कोणी वाद घातला नव्हता. मुंज्या पाहून मात्र घरोघरचे म्हातारे चिडले: काहीही दाखवते बाप्पा, मुंजा कुठं असा असते का?