साबण घेताना कव्हरची मागची बाजू वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक
(अंगाचा व धुण्याचा साबण, पावडर, सफाईचा माल. घाऊक आणि किरकोळ. रविवार कारंजा, नाशिक)

साबण बहुतेक वेळा नावावर आणि वासावर घेतला जातो. वजन, टीएफएम (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे तेल-चरबीचा अंश) आणि ग्रेड कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असतात, पण ते वाचणारं गिऱ्हाईक विरळा. कामाची माहिती मात्र तिथेच असते. ती नीट समजायला लिव्हर कंपनीचा इतिहास उपयोगी पडतो, कारण कव्हरमधली, नाव छापलेली, ठरलेल्या वजनाची वडी घराघरांत पोचवण्यात या कंपनीचा वाटा फार मोठा आहे.

लादी गेली, वडी आली

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात साबण लांब लादीच्या रूपात यायचा. दुकानदार तो कापून, तोलून द्यायचा. माल कोणी बनवला हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. बोल्टनच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा विल्यम लिव्हर वडिलांच्या धंद्यात हेच काम शिकला. 1884 मध्ये त्याने ‘सनलाइट’ हे नाव नोंदवलं आणि 1885 मध्ये भाऊ जेम्सला घेऊन वॉरिंग्टनला साबणाचा कारखाना चालू केला. त्या काळचा धुण्याचा साबण मुख्यतः जनावरांच्या चरबीचा असे. लिव्हरने त्यात खोबऱ्याचं किंवा पामच्या बियांचं तेल आणि सरकीचं तेल यांचं प्रमाण वाढवलं. त्यामुळे फेस लवकर येऊ लागला. 1888 मध्ये मर्सी नदीकाठी पोर्ट सनलाइट हा नवा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहायला लागली. त्याच वर्षी सनलाइटची खोकी कोलकात्याच्या बंदरात उतरली. 1895 मध्ये लाइफबॉय भारतात आला.

या भरभराटीची दुसरी बाजूही आहे. तेल स्वस्तात मिळावं म्हणून 1911 मध्ये कंपनीने बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत पामच्या जंगलांचा मोठा मक्ता घेतला. तिथे स्थानिक लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. साबणाचा इतिहास सांगताना हे गाळणं बरोबर नाही.

पुढे तेलावरूनच मोठं विलीनीकरण झालं. हॉलंडच्या मार्गारीन युनी या कंपनीलाही मार्गारीनसाठी (लोण्याऐवजी वापरायचा तेला-चरबीचा पदार्थ) तीच तेलं आणि चरबी लागायची. 1929 मध्ये दोघांचा करार झाला आणि 1 जानेवारी 1930 पासून युनिलिव्हर अस्तित्वात आली. भारतातल्या तीन कंपन्या 1956 मध्ये एकत्र होऊन हिंदुस्तान लिव्हर झाली आणि 2007 मध्ये तिचं नाव हिंदुस्तान युनिलिव्हर झालं.

वजन

‘किंमत तीच, वडी लहान’ ही तक्रार जुनीच आहे. 1906 मध्ये लिव्हर आणि इतर साबणवाल्यांनी आपसात संगनमत केलं. त्या वेळी 16 औंसांची (सुमारे 454 ग्रॅम) वडी त्याच किमतीत 15 औंसांची (सुमारे 425 ग्रॅम) झाली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, खप कोसळला आणि काही महिन्यांत ती युती मोडली. लिव्हरने बदनामीचा दावा लावला आणि 1907 मध्ये ‘डेली मेल’कडून 50,000 पौंड वसूल केले. दावा जिंकला तरी गिऱ्हाइकाला वजनातला फरक कळतो, हे त्या प्रकरणात पुरतं दिसलं.

म्हणून दोन वड्यांची तुलना करताना किमतीला वजनाने भागा आणि 100 ने गुणा, म्हणजे 100 ग्रॅमचा भाव निघेल. चार वड्यांच्या पॅकवर एकूण वजन बघा. ‘एकावर एक’ असलेल्या पॅकमधली वडी कधीकधी नेहमीपेक्षा लहान असते.

घरी काट्यावर वडी दोन-चार ग्रॅम कमी भरली तर लगेच फसवणूक समजू नका. साबणात पाणी असतं आणि ते हळूहळू उडतं. छापलेलं वजन पॅक करतानाचं असतं.

टीएफएम आणि ग्रेड

टीएफएम म्हणजे साबणात तेल-चरबीपासून आलेला एकूण अंश. उरलेल्या भागात पाणी, मीठ, सुगंध, रंग आणि कधी शंखजिऱ्यासारखी भर असते. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाचे तीन ग्रेड आहेत: पहिल्यात टीएफएम किमान 76 टक्के, दुसऱ्यात 70, तिसऱ्यात 60.

हिशेब असा करायचा. 125 ग्रॅमची 76 टक्क्यांची वडी घेतली तर 95 ग्रॅम अंश हातात येतो. 150 ग्रॅमची 60 टक्क्यांची घेतली तर 90 ग्रॅमच. म्हणजे मोठी वडी दिसायला मोठी, पण माल कमी. भर जास्त असलेली वडी अनेकदा लवकर झिजते किंवा ओली राहून पिठूळ होते.

भरपूर फेस म्हणजे चांगला साबण, ही समजूत सोडून द्या. फेस मुख्यतः खोबरेल आणि पामच्या बियांच्या तेलामुळे येतो, किंवा वेगळा फेसकारी पदार्थ घालून आणला जातो. फेसावरून टीएफएम कळत नाही. तो प्रयोगशाळेतच मोजावा लागतो, म्हणून छापलेला आकडा बघायचा.

कव्हरवर ‘टॉयलेट सोप’ (अंगाचा साबण) ऐवजी ‘बेदिंग बार’ असेल तर थांबून वाचा. त्याचं मानक वेगळं आहे आणि त्यात टीएफएम किमान 40 टक्के असला तरी चालतो. पण या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू येतात. एक, भर घातलेली स्वस्त वडी. दुसरी, डव्हसारखी वडी, जिचा मुख्य घटक साबण नसून सौम्य कृत्रिम क्षालक (मळ काढणारा पदार्थ) असतो. साधा साबण अल्कधर्मी, साधारण 9 ते 10 पीएचचा. डव्ह जवळपास 7 चा. कोरड्या त्वचेला डव्हसारखी वडी बरी. तिथे टीएफएमवरून दर्जा ठरवू नका, घटकांची यादी वाचा.

बोअरचं पाणी

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत साबणाचं वागणं बदलतं. काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बहुधा जास्त असतात. साबण त्यांच्याशी जुळून न विरघळणारा चोथा बनतो. बादलीला बसणारा पांढुरका थर आणि धुतल्यावर चिकट वाटणारे केस यामुळेच. दोष साबणाचा नसतो.

घरी पाहायचं असेल तर एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पाणी घ्या, चिमूटभर साबणाचा कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि पाच मिनिटं ठेवा. फेस टिकला आणि पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी हलकं. फेस बसून पाणी दुधाळ झालं, वर तवंग आला तर पाणी जड. या चाचणीला साधा साबणच घ्या, डिटर्जंट किंवा डव्हसारखी वडी नको. जड पाण्यात कपड्यांना डिटर्जंट वापरा. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये अहमदाबादहून निघालेली निरमा इतकी पसरली, त्यामागे स्वस्ताईबरोबर हेही कारण आहे: डिटर्जंट जड पाण्यातही चोथा धरत नाही.

मात्र पावडर आणि डिटर्जंटच्या वडीत सोडा असतो. लोकर आणि रेशीम त्याने खराब होतात. स्वेटरला सौम्य द्रवरूप क्षालक आणि थंड पाणी. येवल्याची पैठणी घरी धुऊच नका, ड्रायक्लीनला द्या.

कोणता साबण कोणाचा

हमाम आणि 501 बार टाटा ऑइल मिल्सचे. 1993 मध्ये ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. ‘लाइफबॉयला पूर्वीचा वास नाही, माल डुप्लिकेट आहे का?’ असं जुनी माणसं विचारतात. डुप्लिकेट नाही. 2002 मध्ये कंपनीनेच कार्बोलिक (उग्र वासाचा जंतुनाशक घटक) बंद करून वास आणि घडण बदलली.

साठवण

किराणा दुकानदारांनी साबणाची खोकी चहा, पीठ आणि तांदळापासून दूर ठेवावीत, वास धरतो. पावसाळ्यात खोकी जमिनीवर टेकवू नका, फळीवर आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. जुना माल पुढे, नवा मागे. वडीवर पांढरी पूड दिसली तर तो बहुधा हवेने बनलेला सोडा असतो, धुतला की जातो. नारिंगी डाग आणि खवट वास आला तर तेल बिघडलंय. अशी वडी परत आणा, बदलून देऊ.

घरी भोकाची साबणदाणी वापरा, आणि एक वडी वापरात असताना दुसरीचं कव्हर काढून हवेशीर ठेवा. वाळलेली वडी जास्त दिवस पुरते.

पंचवटीतल्या लॉज आणि धर्मशाळांसाठी 15 ग्रॅमच्या छोट्या वड्या लागतात. त्या लहान असल्याने लवकर सुकतात, वास उडतो आणि चिरा पडतात. एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्तीचा साठा करू नका. मागणी आठ दिवस आधी कळवली की ताज्या पॅकिंगचा माल देता येतो.