दापोलीत फिरायला येताय? तारखेसोबत तिथीही बघा

आमच्याकडे गाडी ठरवणाऱ्या पाहुण्यांसाठी

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका दिवसात काय काय बघून होईल?" आणि दुसरा, "सगळ्या ठिकाणांच्या वेळा आजच पाठवता का?" पहिल्याचं उत्तर आम्ही लगेच देतो. दुसऱ्याला आम्ही उलट विचारतो, "त्या दिवशी तिथी कुठली येते?" पुष्कळांना वाटतं, हे मुहूर्त बघतायत की काय. आम्ही बघतो ती भरती. वेळा आदल्या दिवशी संध्याकाळीच पक्क्या का करतो आणि कधी कधी सकाळी साडेसहालाच निघा असा आग्रह का धरतो, हे प्रत्येकाला फोनवर सांगणं होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दापोली गाव समुद्रावर नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. गाव आहे डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 240 मीटर उंचीवर. इथल्या गारव्यामुळेच इंग्रजांनी लष्कराचा तळ इथे ठेवला आणि 'कॅम्प दापोली' हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं. किनारा सगळा खाली. हर्णै पंधरा-सोळा किलोमीटरच आहे, पण रस्ता वळणांचा आणि उताराचा, वाटेत एखादी एसटी समोर आली की थांबून वाट द्यावी लागते. पाऊण तास धरून चाला. खाली उतरल्यावर मात्र कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ले अशी गावं किनाऱ्याने एकामागोमाग एक लागतात. म्हणजे एकदा उतरलात की दिवसभर खालीच राहायचं आणि संध्याकाळी वर यायचं. दुपारी जेवायला दापोलीत आणि परत खाली, असं केलंत तर दीड तास नुसता वळणांत जातो.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो भरती-ओहोटी न बघता सुवर्णदुर्गाला निघाल्यामुळे.

हा किल्ला भर समुद्रात आहे आणि हर्णैच्या किनाऱ्यावरून होडीनेच जावं लागतं. किल्ल्याला धक्का नाही. होडी वाळूला लागते आणि तुम्ही पाण्यात उतरता. पाणी भरलेलं असलं तर होडी जवळ येते, घोटाभर नाहीतर गुडघाभर पाण्यातून पाच-दहा पावलं टाकली की झालं. ओहोटी पूर्ण असली तर तीच होडी लांब उभी राहते. मग चिखलातून, दगडांवरून, मांडीभर पाण्यातून जायचं आणि पलीकडे उतरतानाही तेच. लहान मूल कडेवर आणि आजी हाताला धरलेली असेल तर हे होत नाही. होडीवाला सांगतो, "थांबा, पाणी येऊ द्या." पाणी यायला तीन तास लागतात.

मागे एक कुटुंब आलं होतं, नऊ माणसं. त्यांनी कार्यक्रम स्वतःच आखला होता, बारा वाजता किल्ला, दोनला जेवण, चारला आंजर्ल्याचा गणपती. दिवस अष्टमीचा. आम्ही सांगून पाहिलं, पण हॉटेलातली न्याहारी सोडून लवकर निघायला कुणी तयार नव्हतं. बारा वाजता हर्णैला पोचलो तेव्हा समोर नुसता काळा चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या आणि त्यापलीकडे पाणी. आजोबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ठेवलेली होती, ती त्यांनी मुकाट्याने पुन्हा खाली सोडली. ती मंडळी अडीच तास गाडीत बसून राहिली. किल्ला झाला नाही आणि गणपतीला पोचेपर्यंत अंधार पडला. कुणाचंही नाव न घेता हे सांगतो, कारण दर सुट्टीत असं एखादं कुटुंब येतंच आणि आम्हाला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

यावरचा उपाय तुमच्या घरच्या भिंतीवर टांगलेला आहे. कॅलेंडरात तिथी बघा. तिला पाऊणने गुणा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास धरा. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. म्हणून भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी कळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ आम्ही आदल्या दिवशी होडीवाल्यांना विचारून कळवतो, कारण वारा किती आहे हे तेच सांगू शकतात.

हे एकदा ध्यानात आलं की दिवस आपोआप बसतो. समजा पंचमी आहे. भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी साडेनऊ-दहाच्या सुमारास. सकाळी मुरुड किंवा कर्द्याच्या पुळणीवर जा. पाणी मागे हटलेलं असतं, वाळू ओली आणि घट्ट, चालायला याहून चांगली वेळ नाही. जेवण तिथेच. दोनच्या पुढे हर्णैला, चढत्या पाण्यात होडी. किल्ल्यावरून परत येता येता पाच वाजतात आणि समोर मासळीचा लिलाव चालू झालेला असतो. याउलट दशमी-एकादशीला भरती सकाळी साडेसात-आठला. तेव्हा किल्ला सगळ्यात आधी, आणि त्यासाठी दापोलीतून साडेसहाला निघायलाच हवं. त्या दिवशी उठवल्याबद्दल सकाळी रागावलेले पाहुणे दुपारी आसूद गावच्या वाड्यांच्या सावलीत बसल्यावर आमच्याशी हसून बोलतात.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. उधाणाच्या ओहोटीला समुद्रात पोहायला कुणीही उतरू नका. पाणी आत ओढतं, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा पाय टिकत नाही. ओहोटी लागली की मुलांना बाहेर घ्या, हे आमचे चालक सांगतील. तो त्यांचा आगाऊपणा नव्हे, आमचीच तशी सूचना आहे.

सुवर्णदुर्गावर काय बघायचं तेही थोडक्यात सांगतो, कारण आत पाटी वाचून समजेल असं फारसं नाही. किनाऱ्याच्या बाजूचा दरवाजा गोमुखी आहे, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत शिरताना पायरीकडे बघा, दगडात कासव कोरलेलं आहे, आणि तटावर मारुती. गर्दीत लोक कासवावर पाय देऊन पुढे जातात आणि परतल्यावर विचारतात की कासव कुठे होतं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा महत्त्वाचा किल्ला. 1755 साली, तुळाजी आंग्र्यांच्या काळात, पेशवे आणि इंग्रज एक झाले आणि कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे तो पडला. आत झाडी माजलेली असते, प्यायचं पाणी मिळत नाही. बाटल्या आणि घट्ट बसणाऱ्या चपला हव्यात. ज्यांना होडी नको त्यांनी निराश होऊ नये. हर्णैच्या जमिनीवर गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड असे आणखी तीन किल्ले आहेत, आणि दीपगृहाजवळ कनकदुर्गावर उभं राहिलं की सुवर्णदुर्ग अख्खा समोर दिसतो.

लिलावाबद्दल दोन शब्द. बोटी परत येऊ लागल्या की वाळूवर मासळीचे ढीग पडतात, पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा. बोली भराभर होते आणि ती मोठ्या खरेदीदारांसाठी असते. तुम्हाला किलो-दोन किलो हवी असेल तर लिलाव संपल्यावर बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या. फोटो जरूर काढा, पण टोपल्या वाहणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून नको, ती त्यांची कामाची घाई असते. मासळी गाडीत न्यायची असेल तर बर्फ घातलेला थर्माकोलचा झाकणवाला डबाच लागतो. पिशवी चालत नाही. पाणी एकदा सीटखाली झिरपलं की वास पंधरा दिवस जात नाही आणि तो पुढच्या पाहुण्यांना सोसावा लागतो. डबा आमच्याकडे मिळेल, आधी सांगा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या काळात लिलाव नाही आणि किल्ल्याच्या होड्याही नाहीत.

आणखी एक नेहमीची मागणी म्हणजे, "गाडी थोडी वाळूवर घ्या ना, फोटो काढायचाय." आमची गाडी पुळणीवर जाणार नाही. ओहोटीची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी दिसते, पण मध्येच भुसभुशीत पट्टा लागतो आणि चाक रुततं. जेवढा जोर लावावा तेवढं ते खोल जातं. ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाणी परत येतं. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनाही आमचं हेच सांगणं आहे.

डॉल्फिन बघायचे असतील तर ती गोष्ट भरतीपेक्षा वाऱ्यावर जास्त अवलंबून. हिवाळ्यात सकाळी लवकर, वारा पडलेला असताना मुरुड-कर्द्याहून होड्या निघतात. दुपारच्या लाटांत पाठीचं पातं दिसणंही कठीण. आणि दिसतीलच अशी खात्री आम्ही देत नाही. तीच गोष्ट कासवांची. वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. पण अंडी कधी फुटतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. वेळास मंडणगड तालुक्यात आहे, लांब पडतं. त्यासाठी आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा, तशी घरगुती सोय गावात होते.

भरतीचं गणित अजिबात जुळत नसेल तर आम्ही दोन जागा सुचवतो. एक आसूदचं केशवराजाचं देऊळ. गाडी वर थांबते, तिथून सुपारी-नारळाच्या वाडीतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि मग चढ. दगडी वाटेच्या कडेने पाटाचं पाणी वाहत असतं, देवळाजवळ गोमुखातून बारमाही पाणी पडतं. भर दुपारी बारा वाजताही इथे अंगावर ऊन येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र विचार करून उतरावं, कारण उतरलं की चढणं आलंच. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं.

दुसरी जागा पन्हाळेकाजी, आणि ही आमची सगळ्यात आवडती. कोटजाई नदीच्या काठी 29 लेण्यांची रांग आहे. आधी हीनयान, मग वज्रयान हे बौद्ध पंथ, मग नाथपंथी, अशा वेगवेगळ्या काळातल्या साधकांनी एकाच खडकात आपापलं कोरीव काम केलं. एका दालनात बुद्ध आणि थोडं पुढे गेलं की गणपती आणि नाथसिद्ध. सुट्टीच्या दिवशीसुद्धा इथे गर्दी नसते. आतल्या बाजूचा हा दिवस उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांसकट छान भरतो, आणि त्याला भरती लागत नाही, घड्याळही फारसं लागत नाही. दोन दिवसांसाठी येत असाल तर एक किनाऱ्याचा आणि एक आतला, अशी वाटणी करा. कुठला आधी ते तिथीवर सोडा.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती संध्याकाळी चांगला. उजव्या सोंडेची मूर्ती आहे, आणि देवळाच्या आवारातून समुद्र, माडांची रांग आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो. गाडी वरपर्यंत जाते. मुरुडला गेलात तर महर्षी कर्व्यांचं स्मारक पाच मिनिटं तरी बघा. याच गावातला हा मुलगा परीक्षा द्यायला साताऱ्यापर्यंत चालत गेला होता, वय लहान दिसतं म्हणून त्याला बसू दिलं नाही, आणि पुढे 1958 मध्ये तो भारतरत्न झाला. मुलांना ही गोष्ट गाडीत सांगितली की ती स्मारकापाशी खरंच थांबतात.

शेवटी गुहागर. "दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की जवळच ना?" जवळच. धोपाव्याचा काठ समोर दिसतो आणि गाडीसकट पलीकडे जाता येतं. पण लागून सुट्ट्या आल्या की दाभोळला गाड्यांची रांग लागते, आणि परतताना पुन्हा तीच. हर्णै आणि गुहागर एकाच दिवसात आम्ही घेत नाही, कितीही सांगितलंत तरी. त्यात दोन्ही अर्धवट राहतात. गुहागरला रात्री राहणार असाल तर आनंदाने सोडू, आणि वाटेत दाभोळची जुनी शाही मशीद आणि चंडिकेचं गुहेतलं देऊळ दाखवू.

गाडी सांगताना एवढं कळवा: तारीख, माणसं किती, त्यात पायऱ्या न चढू शकणारं कुणी आहे का, लहान मूल किती वर्षांचं, आणि परतीची गाडी खेडहून रेल्वेची आहे का. दापोली ते खेड तासभर धरतो, पावसात सव्वा. आदल्या संध्याकाळी सातपर्यंत आमचा निरोप येईल, त्यात निघायची वेळ असेल. ती वेळ पाण्याची आहे. त्यात पंधरा मिनिटं मागेपुढे चालतात, दोन तास नाही.