मातृवंदना योजनेचा अर्ज नागपुरात कसा करावा : पात्रता, कागदपत्रे आणि वेळेचे भान

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास 6,000 रुपये मिळतात. ही रक्कम म्हणजे बाळंतपणाची भेट नव्हे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 याच्या चौथ्या कलमाने गरोदर व स्तनदा मातांना पोषण आहार आणि मातृत्व लाभ असे दोन्ही हक्क दिले आहेत, आणि त्यातला दुसरा हक्क या योजनेमार्फत पोहोचतो. कुही-मांढळच्या मिरची सातऱ्यांवर, म्हणजे मिरची साफ करण्याच्या ठिकाणी, देठ खुडणारी किंवा शहरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई आठव्या महिन्यापर्यंत कामावर जाते, ती हौसेने जात नाही. खाडा पडला की मजुरी बुडते आणि मजुरी बुडली की सर्वांत आधी तिच्याच ताटातले कमी होते. बुडालेल्या मजुरीची काही अंशी भरपाई व्हावी, तिला विश्रांती मिळावी आणि तिने नीट जेवावे, हा या पैशामागचा हेतू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 45.7 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. त्यामुळे पैसे किती मिळतात याइतकेच ते केव्हा मिळतात हेही महत्त्वाचे आहे, आणि अर्जाकडे त्याच दृष्टीने पाहावे.

पात्रता

योजनेचे सध्याचे स्वरूप 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. लाभार्थी स्त्रीचे वय किमान 18 वर्षे 7 महिने असावे लागते. त्याखेरीज ती पुढीलपैकी कोणत्याही एका गटात बसली तरी पुरते : अनुसूचित जाती किंवा जमाती, 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषेखालील किंवा अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका, आयुष्मान भारत योजनेतील नाव, ई-श्रम कार्ड, मनरेगाचे जॉब कार्ड, किसान सन्मान निधी घेणारी महिला शेतकरी, किंवा वार्षिक आठ लाख रुपयांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्न. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वयंसेविका स्वतः गरोदर असतील तर त्यांनाही हा लाभ मिळतो. केंद्र वा राज्य शासनात किंवा सार्वजनिक उपक्रमात नियमित नोकरीत असलेल्या, तसेच अन्य कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया मात्र वगळल्या आहेत.

घरात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल आणि तिच्यावर अन्न सुरक्षेचे धान्य मिळत असेल, तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालण्याची गरज नाही. त्या शिधापत्रिकेची प्रत पुरेशी आहे. अनेक घरांत आधी दाखल्याच्या मागे लागून महिना जातो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. ज्यांच्याकडे वरीलपैकी दुसरा कोणताच पुरावा नाही, त्यांनीच सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करावा.

सुरुवात कार्डापासून

सर्व प्रक्रियेचा पाया माता-बाल संरक्षण कार्ड हा आहे. पाळी चुकल्याचे लक्षात येताच जवळच्या शासकीय दवाखान्यात नोंदणी करावी; शहरात महापालिकेचे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण भागात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्यासाठीची ठिकाणे आहेत. डागा, मेयो किंवा मेडिकल या शहरातील मोठ्या शासकीय रुग्णालयांत तपासणी सुरू असेल तरी वस्तीतील परिचारिकेकडे किंवा आशाताईंकडे नाव नोंदलेले असणे सोयीचे ठरते, कारण पुढील पाठपुरावा त्याच करतात. खासगी डॉक्टरांकडे तपासणी करून घेणाऱ्या स्त्रियांचे नाव पुष्कळदा शासकीय नोंदीत येतच नाही. त्यांनी खासगी दवाखान्याची फाईल घेऊन आरोग्य केंद्रात जावे व कार्ड तयार करून घ्यावे. बाळंतपण कोठे करायचे याची मोकळीक त्याने कमी होत नाही.

कार्ड हातात आल्यावर तेथेच उभे राहून दोन गोष्टी वाचून पाहाव्यात. शेवटच्या मासिक पाळीची तारीख योग्य लिहिली आहे का, आणि नाव आधार कार्डावर आहे तसेच आहे का. पाळीची तारीख हा अर्जाचा कणा आहे, कारण पहिल्या हप्त्यासाठी त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झालेली असावी लागते. नावाचा गोंधळ तर आपल्याकडे ठरलेला आहे : आधारवर माहेरचे नाव, कार्डावर सासरचे, बँकेत तिसरेच. आधारवरचे नाव बदलायचे असेल तर ते अर्जापूर्वी बदलावे. बदलायचे नसेल तर कार्डावर माहेरचेच नाव लिहून घ्यावे, त्यात काहीही गैर नाही. पतीचे आधार कार्ड आता बंधनकारक राहिलेले नाही, त्यामुळे एकट्या किंवा परित्यक्ता स्त्रीचा अर्ज त्या कारणाने कोणी अडवत असेल तर तिने हा नियम दाखवून द्यावा.

बँक खाते

मंजूर झालेली रक्कम आधारच्या आधारे थेट खात्यात जमा होते आणि सर्वाधिक अडचणी येथेच येतात. खात्याच्या केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधारची प्रत देणे वेगळे आणि शासकीय अनुदान स्वीकारण्यासाठी ते खाते आधारशी संलग्न करणे वेगळे. एकाहून अधिक खाती असल्यास जे खाते सर्वांत शेवटी संलग्न झाले असेल, त्यातच पैसे जातात. मग ते लग्नाआधी माहेरच्या गावात उघडलेले आणि आता बंद पडलेले का असेना. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का’ असे नेमके विचारावे; डीबीटी म्हणजे अनुदान थेट खात्यात जमा होणे आणि सीडिंग म्हणजे ही संलग्नता. लाडकी बहीण योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्यात साधारणपणे हेही पैसे येतील, ही ओळखण्याची सोपी खूण आहे. खाते स्त्रीच्या स्वतःच्या नावाचे असावे. टपाल खात्यातील खातेही चालते.

अर्ज आणि हप्ते

अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशा स्वयंसेविकेमार्फत भरला जातो आणि योजनेच्या संकेतस्थळावर स्वतःलाही भरता येतो. आधार कार्ड, माता-बाल संरक्षण कार्डाची संबंधित पाने, पात्रतेचा एक पुरावा, बँक पासबुकाचे पहिले पान आणि चालू मोबाईल क्रमांक एवढे पहिल्या हप्त्यासाठी लागते. मोबाईल क्रमांक पतीचा किंवा दिराचा देण्याची पद्धत आहे. शक्यतो स्त्रीजवळ राहणाऱ्या फोनचाच द्यावा.

पहिल्या अपत्यासाठी पहिला हप्ता 3,000 रुपयांचा असून तो गरोदरपणातच मिळावा अशी रचना आहे. दुसरा हप्ता 2,000 रुपयांचा असून त्यासाठी जन्माची नोंद झालेली असावी आणि बाळाच्या लसींची पहिली फेरी, म्हणजे जन्मानंतरच्या लसींपासून चौदाव्या आठवड्याच्या डोसपर्यंतचे लसीकरण, पूर्ण होऊन कार्डावर नोंदलेले असावे. दुसऱ्या अपत्याच्या वेळी मुलगी झाल्यास 6,000 रुपये जन्मनोंद व याच लसीकरणानंतर एकरकमी मिळतात. पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीच्या तारखेपासून 570 दिवसांपर्यंत, तर दुसऱ्या अपत्यासाठी मुलीच्या जन्मापासून 270 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. ही मुदत ऐसपैस वाटते आणि म्हणूनच ती घातक ठरते. बाळ रांगू लागल्यावर मिळालेले 3,000 रुपये गरोदरपणातल्या ताटापर्यंत पोहोचत नाहीत.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. लक्ष्मीनगरात नोंदणी झालेली मुलगी सातव्या महिन्यात काटोलला किंवा भिवापूरला जाते आणि तिचे कार्ड सासरच्या कपाटात राहते. कार्ड आणि अर्जाची पावती सोबत न्यावी. लसीकरण माहेरच्या उपकेंद्रात झाले तरी त्याची नोंद त्याच कार्डावर करून घ्यावी, आणि दुसऱ्या हप्त्याची मागणी तेथूनही करता येते. जन्माची नोंद मात्र बाळ जेथे जन्मले त्या क्षेत्रातच होते : नागपूर शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. 21 दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्यांचे काम वाढते. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी जन्माची माहिती कोणत्या नावाने पाठवली, हे विचारून घ्यावे.

अंगणवाडीचा आहार हा याहून वेगळा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची किंवा कितव्या अपत्याची अट नाही. प्रत्येक गरोदर स्त्रीला, आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत स्तनदा मातेला, दररोज सुमारे 600 किलोकॅलरी व 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळतील एवढा पूरक आहार द्यावा असे निकष आहेत. दोन्ही नोंदी एकाच भेटीत कराव्यात. तिसरे अपत्य असल्यामुळे मातृवंदनेचे पैसे मिळणार नसले तरी हा आहार नाकारता येत नाही. मिळालेला घरपोच आहार घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, हे सेविकांना ठाऊक असते आणि सासूबाईंनाही. घरातल्या मोठ्यांनी तो सुनेसाठी बाजूला ठेवला तरच त्याचा उपयोग आहे.

गर्भपात झाल्यास किंवा मूल मृत जन्मल्यास पुढच्या गरोदरपणात त्या स्त्रीला नवीन लाभार्थी समजले जाते, म्हणून आशाताईंनी अशा घरी हे आवर्जून, पण जपून सांगावे. अर्ज परत आला तर तो बहुधा कायमचा नाकारलेला नसतो. नाव, तारीख किंवा खाते यांतील त्रुटी दुरुस्त करून तो पुन्हा पाठवता येतो. कारण काय ते सेविकेकडून किंवा योजनेच्या मदत क्रमांकावरून विचारून घ्यावे, आणि दुरुस्ती मुदत संपण्यापूर्वी करावी.