'माय' म्हणजे आई नाही : विदर्भातल्या इंग्रजीच्या पुस्तकाची पार्श्वभूमी

पहिलीच्या वर्गात मॅडम छातीवर हात ठेवून म्हणतात, "माय नेम इज...", आणि पोरं मागोमाग म्हणतात. वऱ्हाडी घरात माय म्हणजे आई. आर्वीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत एका पोराने 'माय नेम इज सोनू' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हळूच विचारलं, "तुह्या मायचं नाव सोनू हाये?" मी मागच्या पट्टीवर बसलो होतो, हसू आवरेना. पुस्तकाचं नावही 'माय इंग्लिश बुक'. पुस्तक पुण्यात बसून लिहिणाऱ्याला हे सुचणार नाही, यात त्याचा दोष नाही. पण इंग्रजीच्या पुस्तकात कोणाचं घर असावं, हा प्रश्न विदर्भात फार जुना आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रजांचं शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या पत्रानंतर, खालचं शिक्षण देशी भाषेत आणि वरचं इंग्रजीत, अशी विभागणी पक्की होत गेली. गावच्या शाळेत मराठी, आणि इंग्रजी हवी असेल तर मोठ्या गावची 'ए. व्ही. स्कूल', म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर. तिथवर पोचायची ती मुख्यतः पाटील, देशमुख, मालगुजारांची आणि नोकरदारांची मुलं. या इंग्रजीला गावाशी कर्तव्यच नव्हतं; ती गावातून बाहेर पडायची भाषा होती. आजही बऱ्याच पालकांच्या मनात ती तशीच आहे.

मग १९३७. याच विदर्भात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून झाकीर हुसेन समिती निघाली आणि 'नई तालीम'चा आराखडा आला : सात वर्षांचं सक्तीचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती. त्या सात वर्षांत इंग्रजी नव्हती. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् दाम्पत्याने हे प्रत्यक्ष चालवलं. मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे. तिथे संस्कृती हा पुस्तकातला धडा नव्हता. कापूस वेचायचा, सरकी काढायची, टकळीवर सूत काढायचं, आणि त्यातूनच गणित, भूगोल, भाषा शिकायची. पोराच्या हाताला जे माहीत आहे, तिथून सुरुवात. ही कल्पना फार काळ टिकली नाही. गरिबाच्या पोरानेच सूत का कातावं, साहेबाचं पोर तर इंग्रजी शिकतं, हा आक्षेप खोटा नव्हता.

१९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि भामरागडपासून सावंतवाडीपर्यंत एकच पुस्तक जाऊ लागलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. देशभर तेव्हा 'स्ट्रक्चरल' पद्धतीचा जोर : शब्द मोजून द्यायचे, वाक्यांचे साचे चढत्या क्रमाने. 'धिस इज अ पेन. दॅट इज अ डोअर.' या वाक्यांना ना इंग्लंड होतं ना यवतमाळ. परक्या संस्कृतीचा आरोप येऊ नये म्हणून संस्कृतीच काढून टाकलेली. गंमत म्हणजे ती वाक्यं आम्हाला आजही पाठ आहेत, आणि त्यांचा उपयोग एकदाही झालेला नाही.

जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे. शहरातल्या वरच्या वर्गाची मुलं इंग्रजी शिकतात, मग बहुजनांच्या, खेड्यातल्या मुलांनीच पाचवीपर्यंत का थांबायचं, असा त्यांचा सवाल. मराठीच्या काळजीने अनेक साहित्यिकांनी विरोध केला. दोन्ही बाजू संस्कृतीबद्दलच भांडत होत्या, पण भांडण मराठी बुडेल की नाही याचं होतं. इंग्रजीच्या तासाला पोर बोलणार कशाबद्दल, हे कोणी फारसं विचारलं नाही.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या घरच्या भाषेला आणि अनुभवाला वर्गात जागा द्या म्हटलं. २०१२ ला राज्याचा नवा अभ्यासक्रम आला, २०१३ पासून पहिली-दुसरीची नवी पुस्तकं. गाणी, कृती, सूचना ऐकून हालचाली करणं, हे चांगलंच झालं. पण नावं देशी केली, चित्रातल्या बाईला साडी नेसवली, की संस्कृती आली असं मानण्याची खोड काही जात नाही. 'ओ फॉर ऑक्स' घ्या. आमच्या पोराला वासरू, गोऱ्हा, बैल आणि सांड यांतला फरक न शिकवता कळतो. तो बैलाला 'बुल' म्हणाला की चूक ठरते, आणि शब्दसंग्रह कमी असा शेरा मिळतो. त्याच्याजवळ चार शब्द आहेत, इंग्रजीचा एक चुकला. मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडच्या माडिया पोराची तर गोष्टच वेगळी, त्याच्यासाठी पुस्तकातली मराठीसुद्धा पाहुणीच.

तोवर गावोगाव 'कॉन्व्हेंट' निघाले. आमच्याकडे कुठल्याही खासगी इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असो वा नसो. एका कॉन्व्हेंटात माझा भाचा डिसेंबरात सांताक्लॉज झाला, दाढीच्या कापसाने त्याला दिवसभर शिंका. पण त्याच शाळेत तान्हा पोळाही, म्हणजे पोरांचा पोळा, भरतो, धोतर-टोपी घालून, लाकडी नंदी सजवून, बक्षिसांसह. तो सण स्टेजवर आला, इंग्रजीच्या तासाला मात्र आला नाही.

आर्वीकडच्या त्याच शाळेत मी चौथीच्या वर्गालाही बसलो. मॅडमनी तान्ह्या पोळ्यावर इंग्रजीत पाच वाक्यं करायला सांगितली. एका मुलीने चार वाक्यं फळ्यावर लिहिली, पाचवं असं : 'पीपल गिव्ह मी बोजारा.' पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नंदी घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांना मिळतो तो बोजारा. मॅडमनी शब्द पुसून 'मनी' लिहिलं. मुलगी म्हणाली, "मनी त कोनीबी देते मॅडम, बोजारा नंदी पाहून भेटते." मॅडमनी थोडा विचार केला, 'मनी' पुसलं आणि खडू परत तिच्या हाती दिला.