बी दोनदा, मग एंटर

समजा तुमच्या फोनवर चुकून असा एक मेसेज आला. "विंडोज ११, एनव्हीडीए लेटेस्ट, क्रोम. फॉर्म भरतोय. तारखेच्या बॉक्सवर गेलो की फोकस मोडचा खटका ऐकू येतो, पण ॲरो दाबले की नुसतं ब्लँक ब्लँक म्हणतो. कोणाला जमलंय का?" आणि थोड्या वेळाने त्याला उत्तर, "एनव्हीडीए आणि स्पेस दाबून ब्राउज मोडला ये. मग बी दोनदा. नाव नसलेलं बटण ऐकू येईल, तेच कॅलेंडर आहे, एंटर मार. टेबल उघडतं, त्यात कंट्रोल ऑल्ट आणि ॲरोने फीर." मग तिसरा मेसेज, "झालं!! थँक्स."

मेसेज मी रचलेला आहे, पण अंध लोक एकमेकांना कॉम्प्युटर शिकवतात ते साधारण याच भाषेत. आता परत वाचा आणि त्यात काय नाहीये ते बघा. रंग नाही, वर-खाली नाही, डावं-उजवं नाही, "ते गोल चिन्ह दिसतंय ना तिथे" असलं काहीच नाही. विचारणाऱ्याला पान दिसत नाही, सांगणाऱ्यालाही नाही, आणि तरी पत्ता अगदी नेमका आहे.

हे कसं काय, तर पान वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर स्क्रीनकडे बघतच नाही (नाव फसवं आहे खरं तर). मेसेजमधला एनव्हीडीए हा असाच एक स्क्रीन रीडर, आणि "एनव्हीडीए दाबून" म्हणजे त्याची ठरलेली की, बहुधा इन्सर्ट. आपण एखादं वेब पान उघडलं की ब्राउजर ते रंगवून दाखवतो, पण त्याच वेळी आतल्या आत त्याचं अजून एक रूप तयार ठेवतो, त्याला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. त्यात चित्र नसतं, यादी असते. ही गोष्ट काय आहे, बटण की लिंक की मजकुराचा बॉक्स, तिचं नाव काय, आणि आत्ता तिची अवस्था काय, म्हणजे टिक केलंय का, उघडलंय का, बंद आहे का. स्क्रीन रीडर ही माहिती घेतो, एका सरळ रांगेत मांडतो आणि वाचून दाखवतो. म्हणजे लांबी-रुंदी असलेलं पान इथे एका लांबलचक दोरीसारखं होतं. डोळ्यांना दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसत असतील तरी या दोरीवर त्यांच्यामध्ये साठ गोष्टी असू शकतात, आणि एक अगदी वरच्या कोपऱ्यात नि दुसरी तळाला असली तरी दोरीवर त्या एकमेकींना चिकटून असू शकतात.

आता एवढ्या लांब दोरीवर टॅब टॅब करत कोण बसणार, म्हणून उड्या मारायची सोय असते. एच दाबलं की पुढचं हेडिंग, बी म्हणजे पुढचं बटण, के म्हणजे लिंक, ई म्हणजे लिहायचा बॉक्स, टी म्हणजे टेबल, आणि १ ते ६ आकडे दाबले की त्या त्या पातळीचं हेडिंग. एनव्हीडीएमध्ये याला ब्राउज मोड म्हणतात. पण प्रत्यक्ष टाइप करायची वेळ आली की एच म्हणजे एचच उमटायला हवा ना, उडी मारून कसं चालेल, म्हणून फोकस मोड वेगळा. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ या दोन मोडमध्येच असतो असं माझं मत आहे, आणि वरच्या मेसेजमधली भानगडही तीच होती.

मी स्वतः डोळस आहे. एका अंध सहकाऱ्याला मी बरीच वर्षं फोनवरून "वर उजव्या कोपऱ्यात बघा" असली मदत करत होतो, आणि ते बिचारे सभ्यपणे "हो हो, सापडेल" म्हणायचे. एकदा मी मॉनिटर बंद करून, एनव्हीडीए लावून, रोजच्या वापरातल्याच एका साइटवर लॉगिन करायचा प्रयत्न केला. ते बटण कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि त्या माहितीचा उपयोग शून्य. पंधरा-वीस मिनिटांनी मॉनिटर चालू केला (हरलो, कबूल). तेव्हा कळलं की कॉम्प्युटरचं ज्ञान असणं वेगळं आणि त्या दोरीवरची वाट माहीत असणं वेगळं, आणि वाट माहीत असलेला माणूस बहुतेक वेळा दुसरा अंध माणूसच असतो.

त्या मेसेजमधलं "नाव नसलेलं बटण" हे प्रकरण जरा नीट सांगतो. डेव्हलपरने कॅलेंडरचं चित्र टाकलं, पण त्या बटणाला नाव दिलं नाही. डोळ्यांना चित्र पुरतं, पण ट्रीमध्ये नावाची जागा रिकामी, त्यामुळे स्क्रीन रीडर नुसतं "बटण" म्हणतो. एखाद्या ॲपमध्ये ओळीने "बटण, बटण, बटण, बटण" ऐकू येतं, आणि त्यातलं कुठलं पाठवायचं नि कुठलं सगळं डिलीट करायचं हे कोणीतरी दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. तर कोणीतरी दाबून बघतो, चुकतो, परत बघतो, आणि मग बाकीच्यांना सांगतो की दुसरं म्हणजे कॅलेंडर, चौथ्याला हात लावू नका. आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्ये अशा मुक्या बटणावर दोन बोटांनी दोनदा टॅप करून दुसऱ्यांदा बोटं तशीच दाबून धरली की आपल्याला हवं ते नाव देता येतं, अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्येही लेबल लावायची सोय आहे. पण हे नाव तुम्ही आपल्या फोनवर लावलेलं, शेजारच्याच्या फोनवर ते बटण मुकंच. आणि सगळ्यात चीड येते ती याची की डेव्हलपरने कोडमध्ये एक छोटीशी ओळ लिहिली असती तर इतक्या लोकांना बटणं मोजत बसावं लागलं नसतं.

मदत मागायचीही एक पद्धत आहे. कुठलं विंडोज, कुठला स्क्रीन रीडर, त्याचं व्हर्जन, कुठला ब्राउजर, कुठली की दाबली आणि काय ऐकू आलं, हे सगळं आधी सांगायचं. कारण तेच पान एका जोडीत नीट वाचलं जातं आणि दुसऱ्या जोडीत नाही. आपण डोळस लोक अशा वेळी स्क्रीनशॉट टाकून मोकळे होतो, इथे स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं "इमेज" एवढाच शब्द. त्याऐवजी एनव्हीडीएमध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, एनव्हीडीए जे काही बोलला ते सगळं अक्षरांत एका विंडोत येतं, ते चिकटवायचं. माझ्या मते अंधांचा खरा स्क्रीनशॉट हाच.

काहीजण लिहिण्याऐवजी रेकॉर्डिंग पाठवतात, ज्यात माणूस बोलतोय आणि मागे स्क्रीन रीडरही बोलतोय. पहिल्यांदा ऐकलं तर आपल्याला ते रेडिओ बिघडल्यासारखं वाटतं, कारण सरावलेले लोक आवाजाचा वेग भयंकर वाढवून ठेवतात. आपण साधारण बोलतो ते सेकंदाला चार ते सहा अक्षरं (म्हणजे उच्चाराचे तुकडे, सिलेबल). जर्मनीत झालेल्या अभ्यासात असं दिसलं की डोळस माणसांना सेकंदाला आठेक अक्षरांपर्यंत नीट समजतं, पण सराव असलेल्या अंध श्रोत्यांना बावीसपर्यंतचं बोलणं कळू शकतं. आणि एमआरआयमध्ये त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, जो एरवी डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींवर काम करतो, तो हे ऐकताना कामाला लागलेला दिसला. या वेगामुळेच इस्पीकसारखा रोबोटी आवाज बऱ्याच जणांना आवडतो, माणसासारखा गोड आवाज वेग वाढवला की एकमेकांत मिसळतो, हा रोबोट मात्र कितीही पळवला तरी अक्षरं सुटी ठेवतो. रेकॉर्डिंग नवीन माणसासाठी असेल तर वेग कमी करून करायचं, हे आपलं साधं सौजन्य.

ही सॉफ्टवेअरं सुद्धा बरीचशी अंधांनीच बनवलेली आहेत. अमेरिकेतले टेड हेंटर मोटरसायकल रेसर होते, १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गेली, पुढे प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा जॉज हा स्क्रीन रीडर डॉससाठी, म्हणजे विंडोजच्या आधीच्या नुसत्या अक्षरांच्या सिस्टिमसाठी, आला. डॉसमध्ये काम तुलनेने सोपं होतं, कारण स्क्रीनवरची अक्षरं मेमरीत अक्षरं म्हणूनच पडलेली असायची, पंचवीस ओळी आणि प्रत्येकीत ऐंशी अक्षरं, ती उचलायची आणि बोलायची. विंडोज आलं आणि अक्षरांची झाली चित्रं, नुसते ठिपके! मग स्क्रीन रीडरने मधल्यामध्ये कान लावायचा, इथे हा शब्द काढ असा हुकूम विंडोजला गेला की तो चोरून ऐकायचा आणि स्वतःची वेगळी नोंदवही ठेवायची, अशी युक्ती काढावी लागली. ॲक्सेसिबिलिटी ट्रीसारख्या सोयी नंतर रुळल्या.

पैसे देऊन घ्यायचे स्क्रीन रीडर महाग होते, म्हणून २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी एनव्हीडीए लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्यांच्यासोबत आले. दोघंही अंध. सॉफ्टवेअर फुकट आणि कोड सगळ्यांना खुला, त्यामुळे झालं असं की मदत नुसत्या सल्ल्यापुरती उरली नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये काही वाचलं जात नसेल आणि कोणाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तो ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहितो आणि बाकीच्यांना वाटून टाकतो.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे २०१५ मध्ये आलेला एनव्हीडीए रिमोट. आपण दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करतो तेव्हा त्याच्या स्क्रीनचं चित्र आपल्याकडे येतं. अंध मदतनीसाला त्या चित्राचा काय उपयोग? त्याच्या स्क्रीन रीडरला तिथे मजकूर सापडतच नाही. तर रिमोटने चित्र पाठवायचंच सोडून दिलं. इकडून दाबलेल्या की तिकडे जातात, आणि तिकडचा स्क्रीन रीडर जे बोलेल ते शब्द इकडे येतात आणि इथल्या आवाजात ऐकू येतात. शब्दच पाठवायचे असल्याने डेटा अगदी किरकोळ, नेट रडतखडत चालत असलं तरी चालतं. २०२५ पासून ही सोय एनव्हीडीएमध्येच आली, वेगळं काही टाकायला नको. अर्थात दुसऱ्याची बोटं आपल्या कीबोर्डवर येतात, त्यामुळे ओळखीच्या माणसालाच आत घ्यावं.

आवाजच बंद पडला तर मात्र ही सगळी मदत लटकते. काय बिघडलंय हे सांगणारा आवाजच गेलेला असतो ना. अशा वेळेसाठी दोन गोष्टी पाठच करून ठेवायला सांगतात, एक म्हणजे कंट्रोल ऑल्ट एन, त्याने एनव्हीडीए पुन्हा सुरू होतो, आणि तोही हलला नाही तर विंडोज कंट्रोल एंटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा नॅरेटर उठतो आणि त्याच्या खांद्यावर बसून बाकीची दुरुस्ती करायची. पण विंडोज सुरू व्हायच्या आधीचा जो बायोसचा पडदा असतो तिथे यातलं काहीच पोचत नाही. तिथे फोनचा कॅमेरा लागतो. बी माय आईज हे ॲप जानेवारी २०१५ मध्ये डेन्मार्कच्या हान्स यॉर्गेन विबर्ग यांनी सुरू केलं, त्यांची स्वतःची नजर अधू आहे. व्हिडिओ कॉलवर अनोळखी डोळस स्वयंसेवक येतो आणि बघून सांगतो. गंमत म्हणजे तो सुरुवात करतो "निळा पडदा आहे" अशी (आम्हा लोकांना रंगाचं भारीच). म्हणून नवीन माणसाला आधीच शिकवलं जातं की तू प्रश्न नेमका विचार, हायलाइट कुठल्या ओळीवर आहे, ती ओळ जशीच्या तशी वाच.

२०२३ मध्ये त्याच ॲपमध्ये एआय आला. आता फोटो काढला की वर्णन मिळतं, रात्री दोन वाजता कोणाला त्रास द्यायला नको. पण एआय चुकतो तेव्हाही त्याच ठाम सुरात बोलतो, आणि ज्याला चित्र दिसत नाही तो पडताळणार कशाने? म्हणून तेच चित्र दोन वेगवेगळ्या ॲपना दाखवायचं, आणि आकडा महत्त्वाचा असेल तर माणसालाच विचारायचं. हे शहाणपण कुठल्या कंपनीच्या पुस्तिकेतून नाही आलेलं, कोणीतरी चुकीचा आकडा भरून बसलं आणि बाकीच्यांना सांगितलं, असंच हे पसरतं.

तसंच अपडेटचं. नवीन व्हर्जन आलं की पहिला सल्ला, थांबा जरा. काही हौशी मंडळी बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं व्हर्जन, आपल्या फोनवर टाकून आधी चटके खातात आणि कुठलं बटण मुकं झालं, कुठे फोकस उडी मारतो याची यादी देतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला ॲप कालच्यासारखंच दिसतं, त्याला काही बदललंय हे कळतही नाही.

आणि उत्तरं शिळी होतात, तीही काहीच न सांगता. वरचा तो फॉर्म घ्या. सहा महिन्यांनी कोणीतरी जुनं उत्तर शोधून काढतो, बी दोनदा दाबतो, एंटर मारतो आणि भरलेला सगळा फॉर्म पुसला जातो, कारण मध्ये कोणीतरी एक नवीन बटण घुसवलेलं असतं, त्यालाही नाव नाही. तो वैतागतो, फॉर्म पुन्हा भरतो, आणि जुन्या उत्तराखाली एक ओळ टाकतो. "आता बी तीनदा."