उष्मांक-मोजणी

आहारातून मिळणारी आणि शरीराकडून खर्च होणारी ऊर्जा यांचा हिशोब ठेवून वजन हळूहळू उतरवण्याची व उतरलेले वजन टिकवण्याची पद्धत. ऊर्जेचे हे माप किलोकॅलरी होय. व्यवहारात त्यालाच नुसते कॅलरी म्हणतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांतून रूढ झालेले हे आकडे आजही वापरात आहेत.

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती वाढली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, त्या कोल्हापुरात हा हिशोब ‘खुराक आणि मेहनत’ या जोडीने आधीपासून परिचित आहे. जोर-बैठका आणि लढती यांच्या बळावर पैलवान दूध, तूप व बदामाची थंडाई पचवतो. आखाडा सुटून खुराक तसाच राहिला, की पोट सुटते. जी गोष्ट मल्लाची, तीच दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराची, फक्त त्याच्या वाट्याला आखाडा आधीपासूनच नसतो.

मोजणीतली खरी अडचण तेलाची आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, आणि सत्तर किलो वजनाच्या माणसाने रंकाळ्यावर अर्धा तास झपझप चालून खर्च केलेली ऊर्जाही साधारण तेवढीच. मिसळीच्या कटावरचा किंवा तांबड्या रश्श्यावरचा तवंग निदान डोळ्यांना दिसतो. पांढरा रस्सा मात्र सौम्य भासत असला तरी त्यातले नारळाचे दूध आणि काजू यांची चरबी लपलेली असते, शिवाय खानावळीत रस्सा पुन्हापुन्हा वाढला जात असल्याने किती वाट्या झाल्या याची गणती राहत नाही. गुळाबाबतही येथे एक जिव्हाळ्याचा गैरसमज आहे: १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८० किलोकॅलरी असतात, साखरेपेक्षा फार कमी नव्हेत. आपण खाल्लेले कमी धरण्याकडे बहुतेकांचा कल असतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तेल, पीठ व तांदूळ वजनकाट्यावर मोजतात. एकदा नजर तयार झाली, की रोजच्या मोजणीची गरज कमी होते.

एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. त्यावरून रोज ५०० ची तूट ठेवल्यास आठवड्याला अर्धा किलो, असा ठोकताळा मांडला जातो. प्रत्यक्षात वजन उतरते तशी शरीराची गरजही उतरते आणि घट मंदावते. उपाशी राहून झटपट केलेल्या घटीत स्नायूही झिजतात, म्हणून पुरेशी प्रथिने (डाळी, उसळी, अंडी, दूध) आणि ताकदीचा व्यायाम यांना महत्त्व आहे. वजन टिकवणाऱ्यांच्या सवयींचा मागोवा घेणारी एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. नियमित वजन करणे आणि रोज बराच वेळ हालचाल करणे या सवयी त्यात वारंवार आढळल्या आहेत. भाकरी, आमटी सोडून परका आहार स्वीकारण्यापेक्षा फोडणीचे तेल निम्मे करणे अधिक काळ निभते, असे म्हणता येईल.

भारतीयांमध्ये पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती असल्याने कमरेचा घेर पुरुषांत ९०, तर स्त्रियांत ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असणे धोक्याचे मानतात. गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, इन्सुलिन घेणारे मधुमेही आणि खाण्याविषयी भयगंड असलेल्या व्यक्ती यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहारात तूट करू नये.

वजन रोज एकसारखे उतरत नाही. रविवारी मटणाचे ताट झाले, की सोमवारी सकाळी काटा किलोभर पुढे दिसू शकतो. ही वाढ मुख्यतः मिठामुळे धरून ठेवलेल्या पाण्याची आणि पोटातल्या अन्नाची असते, म्हणून तुलना आठवड्याच्या सरासरीशी करतात.