घशातली सीताबर्डी

शाळेच्या पुस्तकात मानवी शरीर संस्थांमध्ये वाटून दिलेले असते. अस्थिसंस्था, स्नायुसंस्था, श्वसनसंस्था, पचनसंस्था, रक्ताभिसरण संस्था, मज्जासंस्था अशी ही वाटणी परीक्षेच्या दृष्टीने फारच सोयीची आहे, कारण प्रत्येक संस्थेचे एक वेगळे चित्र असते, त्याला नावे द्यायची असतात आणि पुढच्या धड्याकडे वळायचे असते. मात्र नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विच्छेदन कक्षातल्या टेबलापाशी पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर पचनसंस्था नसते. त्याच्यासमोर काख असते, मान असते, पोट असते. आणि त्या काखेत धमनी, शीर, मज्जातंतूंचे जाळे, लसिका ग्रंथी आणि चरबी एकमेकांना बिलगून बसलेली असतात. ज्या संस्था त्याने निरनिराळ्या पानांवर पाहिल्या होत्या, त्या इथे एकाच वीतभर जागेत नांदत असतात.

हा फरक नागपूरकरांना मेट्रोच्या नकाशावरून चटकन कळेल. ऑरेंज मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि अ‍ॅक्वा मार्गिका प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत जाते, एवढे त्या नकाशावर स्पष्ट दिसते. पण धंतोली ही वस्ती दोन्ही मार्गिका जिथे भेटतात त्या सीताबर्डीला किती लागून आहे, कोणत्या गल्लीतून कुठे निघता येते, हे तो नकाशा सांगत नाही. शरीरातल्या संस्था या मार्गिकांसारख्या आहेत, आणि विच्छेदनात शिकायचा असतो तो वस्त्यांचा शेजार. शल्यचिकित्सकाला दोन्ही लागतात, पण सुरी हातात असताना त्याला आधी शेजार आठवावा लागतो.

संस्था ही गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, हे थोडे आश्चर्याचे वाटेल. हृदय दिसते, धमन्या दिसतात, शिरा दिसतात; परंतु रक्त फिरून पुन्हा हृदयाकडे येते ही गोष्ट कोणत्याही शवात दिसत नाही, ती अनुमानाने काढावी लागते. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 मध्ये ते अनुमान मांडले, तेव्हा शिरांमधल्या झडपा, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिशेब आणि दंडाला पट्टी बांधून केलेले साधे प्रयोग एवढेच त्याच्या हाताशी होते. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याने कधीच पाहिल्या नाहीत. त्या मालपिगी या इटालियन वैद्याला 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. म्हणजे रक्ताभिसरण संस्था आधी विचारात उभी राहिली आणि तिचा शेवटचा दुवा डोळ्यांना नंतर दिसला.

त्याआधीची कित्येक शतके युरोपात गालेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण होता, आणि गालेनने मुख्यतः माकडे, डुकरे आणि गुरे कापली होती. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे तो सांगत असे. वेसालियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने माणसांची शवे स्वतःच्या हाताने उघडली आणि 1543 मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो जबडा एकाच हाडाचा असल्याचे छापून टाकले. त्याहून कितीतरी आधी आपल्याकडे सुश्रुतसंहितेने शवपरीक्षेची जी रीत सांगितली आहे, ती मला अधिक विलक्षण वाटते. मुंज गवत, कुश किंवा ताग यांत शव गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचे, वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री कुजू द्यायचे आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहायचा, अशी ती रीत होती. उन्हाळ्यात आपण कूलरला जो वाळा लावतो, तोच हा वाळा. कापण्यापेक्षा थर सुटे करणे महत्त्वाचे, ही त्यामागची जाण आजही विच्छेदन कक्षात पहिल्या आठवड्यात शिकवावी लागते, कारण नवख्या हाताला सुरी चालवण्याची घाई असते. अवयवांभोवती पातळ पापुद्रे असतात, आणि ते ओळखून बोटाने किंवा बोथट अवजाराने वेगळे केले की धमनी, शीर आणि तंतू आपापल्या जागी अखंड राहतात. नागपूरकराने इथे संत्र्याचा दाखला द्यावा हे ठरल्यासारखेच आहे, पण तो चपखल आहे: साल सैल असल्याने संत्रे सोलायला सुरी लागत नाही, आणि सुरी चालवली तर फोडी फुटतात.

आता शेजाराचा सगळ्यात दाट नमुना पाहू. तो घशात आहे. नाकातून आलेली हवा घशात मागच्या बाजूने उतरते, तोंडातला घास पुढच्या बाजूने येतो. पण खाली स्वरयंत्र पुढे आहे आणि अन्ननलिका त्याच्या मागे. त्यामुळे हवेला मागून पुढे आणि घासाला पुढून मागे जावे लागते, आणि दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात. ही आपल्या शरीरातली सीताबर्डी होय. मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकात दोन मार्गिका वेगवेगळ्या उंचीवरून जातात म्हणून तिथे टक्कर होत नाही. घशात मात्र मजला एकच आहे, तेव्हा वाहतूक वेळ वाटून घेऊनच चालवावी लागते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला, की तो वर सरकून पुन्हा खाली येताना जाणवतो. त्या क्षणी श्वास थांबलेला असतो, स्वरयंत्र वर उचलले जाऊन जिभेच्या मुळाखाली दडते, आतल्या स्वरतंतूंची फट मिटते आणि एपिग्लॉटिस नावाची कूर्चेची पाकळी वरून कलते. जेवताना बोललो की ठसका का लागतो, ते यावरून कळते. या एका क्षणात श्वसन, पचन, स्नायू आणि मज्जा या चारही संस्था गुंतलेल्या असतात, आणि तो कोणत्या धड्यात घालावा हे पुस्तकाला ठरवणे कठीणच आहे.

त्याच स्वरयंत्राला हालचालीचा आदेश देणाऱ्या तंतूची कथा तर आणखी चमत्कारिक आहे. मेंदूपासून निघालेला व्हेगस हा मज्जातंतू मानेतून खाली येताना स्वरयंत्राच्या जवळूनच जातो. पण डाव्या बाजूला स्वरयंत्राकडे जाणारी त्याची शाखा तिथे न फुटता छातीत उतरल्यावर फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा मानेत चढते. सीताबर्डीहून धंतोलीला जाण्यासाठी निघालेल्या माणसाने आधी खापरीपर्यंत जाऊन परत यावे, असा हा प्रवास आहे. त्याचे कारण गर्भावस्थेत सापडते. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हृदय मानेच्या भागातच असते आणि हा तंतू त्याच्यापासून निघणाऱ्या धमन्यांच्या कमानींखालून सरळ जातो. पुढे हृदय छातीत उतरते आणि कमानीत अडकलेल्या तंतूला आपल्याबरोबर खाली ओढून नेते. उजवीकडे हाच वळसा खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालून, बराच वर पडतो. जिराफात ही वाट कित्येक मीटर लांब होते. माणसात तिचा उपयोग निदानासाठी होतो: आवाज आठवडेच्या आठवडे बसलेलाच राहिला, की डॉक्टर घसा तर तपासतातच, पण छातीचीही छायाचित्रे काढायला सांगतात, कारण डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी वाढलेली गाठ किंवा फुगलेली महाधमनी या तंतूला दाबत असू शकते.

श्वासपटलाचीही अशीच गत आहे. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू गर्भात मानेजवळ घडू लागतो आणि खाली सरकताना आपला तंतू मानेतूनच घेऊन येतो. मणक्यांमधून निघणाऱ्या मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तंतूंचे धागे त्याला लाभलेले आहेत. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही याच पातळीवर पोहोचते. म्हणून पित्ताशयाच्या सुजेने श्वासपटल चिडले, तर रोगी पोटाबरोबर उजवा खांदा दुखत असल्याचे सांगतो, आणि खांद्याला मलम चोळण्यात कधी कधी दिवस जातात. उचकी लागली की कोणी तरी आठवण काढत असेल असे आपण म्हणतो. शरीररचनेच्या भाषेत बोलायचे तर ती श्वासपटलाला येणारी मानेची आठवण असावी.

स्वादुपिंड, मूत्रवाहिनी यांच्याविषयीही असेच लिहिता येईल. स्वादुपिंड पाचकरस आतड्यात सोडते आणि इन्शुलिन रक्तात, त्यामुळे ते दोन धड्यांत विभागले जाते. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत त्या धमनीला गाठ मारताना मूत्रवाहिनी हाती लागू नये म्हणून तिचा हा शेजार आधीच घोकून घेतलेला असतो.

पुस्तकातले चित्र एकाच आदर्श माणसाचे असते, पण टेबलावर येणारा प्रत्येक देह वेगळा असतो. देहदानातून आलेल्या या देहांसमोर विद्यार्थी आदराची शपथ घेतात, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांना मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन धमन्या असलेला देह, किंवा वेगळ्याच ठिकाणी फाटा फुटलेली धमनी असलेला देह भेटतो. अशा वेळी चित्र चुकले आहे की देह, हा प्रश्न नव्या विद्यार्थ्याला हमखास पडतो. हा वेगळेपणा पाहायला विच्छेदन कक्षाची गरज नाही. तळहात वर करून अंगठा आणि करंगळी यांची टोके एकमेकांना टेकवावीत आणि मनगट किंचित आत वाकवावे. मनगटाच्या मधोमध एक उभी दोरी ताणून वर आलेली दिसते. ती पाल्मारिस लाँगस या बारीक स्नायूची कंडरा. कित्येकांच्या हातात ती नसतेच, काहींना एकाच हाताला असते, आणि पकडीत फरक पडत नसल्यामुळे तो स्नायू आपल्याला नाही हे बहुतेकांना आयुष्यभर कळत नाही. शल्यचिकित्सकांना मात्र तिची जागा पाठ असते, कारण दुसऱ्या तुटलेल्या कंडरेच्या जागी जोडायला ते अनेकदा हीच उचलतात.